आधी कोण मागणार

लढाईनंतर सरकारनं आणून सोडलेल्या राम्बी बेटावर राहायचं की आपल्या बानाबा बेटाला परत जायचं, याचा कौल सोमवारी घ्यायचा ठरला, आणि त्या दिवसापासून तेबाऊ आपल्या आईसमोर एकटा म्हणून उभा राहिला नाही. सकाळी ती उठायच्या आत हा जाळं घेऊन समुद्रावर. दुपारी कोणाच्या तरी छपराला हात लाव. संध्याकाळी घरी आलाच तर एक पोर कडेवर, एक पाठीवर, म्हणजे म्हातारीला बोलायला फटच सापडू नये. शार्कच्या जबड्यातून गळ काढून घेणारा गडी, पण साठीच्या बाईला असा चुकवत होता की बघणाऱ्याला हसू यावं.

हसत मात्र कोणी नव्हतं. तो कशाला घाबरतोय ते सगळ्या वस्तीला माहीत होतं. त्याची आई नेई तेरूआ त्याच्याकडे मागेल, ही ती भीती.

आमच्यात रक्ताच्या माणसानं तोंड उघडून मागितलं की द्यायचं. होडी मागितली तर होडी, पोर मागितलं तर पोर. याला बुबुती म्हणतात. नाही म्हणणाऱ्याला कोणी मारत नाही, फक्त त्याच्या चुलीपाशी पुन्हा कोणी बसत नाही. गोऱ्यांना या रिवाजाचं फार हसू येतं, आणि आमच्यातल्या ज्यांनी दुकानं टाकून पाहिली त्यांना रडू. पण हसून रडून रिवाज काही सुटत नाही. यातून वाचायची एकच वाट असते. मागणाऱ्यानं तोंड उघडायच्या आत आपणच त्याच्याकडे मागून मोकळं व्हायचं.

आता म्हातारी जर म्हणाली, "तेबाऊ, मला घरी ने," तर संपलं. बाकी गावाचा कौल काही लागो, ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सरकार बोट देणार होतं. तेबाऊला बायकोपोरांसकट तिच्यात बसावं लागणार. आणि उतरणार कुठे? बानाबाची माती कंपनीनं आमच्या बापांच्या डोळ्यांदेखत खणली, जहाजांत भरली आणि परक्यांच्या गव्हाला खत म्हणून घातली. उरले होते माणसाच्या उंचीचे टोकदार दगड. घरं होती ती लढाईत जपान्यांनी पाडली. राम्बीवरही पहिल्या पावसाळ्यात तंबूंमधून म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं खोकून खोकून गेली, खोटं कशाला बोला. पण इथे नारळ होते, नदी होती, आणि गेल्या वर्षात तेबाऊच्या घरातून कोणी मातीत गेलं नव्हतं. तेवढ्यावर तो राम्बीचा झाला होता.

आईला नाही म्हणायची छाती दुसऱ्या एखाद्यानं केलीही असती. तेबाऊला ती सोय नव्हती. लढाईच्या मध्यावर जपान्यांनी बानाबाच्या लोकांना बोटींत भरून बाहेर काढलं, तेव्हा मासे मारायला म्हणून काही तरणे गडी मागे ठेवले. तेबाऊला ठेवायच्या रांगेत उभं केलं होतं. त्याचा धाकटा भाऊ बाउरो हगवणीनं वाळून गेला होता, त्याला बोटीच्या रांगेत. तेबाऊनं बोटीकडे पाहिलं. बायको कीना पोटुशी होती आणि हाताशी तीन लेकरं. मग त्यानं सगळ्यांसमोर भावाला म्हटलं, "बाउरो, तुझी जागा मी मागतो."

बाउरोचं लग्न होऊन तीन महिने झाले होते. तो म्हणाला, "घे."

सैनिकांना काय, डोकी मोजायची होती. डोकी बरोबर भरली.

लढाई संपल्यावर कळलं की मागे ठेवलेल्यांना मारून टाकलं, तेही लढाई संपून गेल्यावर. ज्यांच्यासाठी तेबाऊनं जागा मागितली त्यांतली दोन लेकरं, बोटीनं नेऊन टाकलं त्या कोस्राए बेटावर, उपासानं गेली. एक आणि पोटातलं, तेवढी वाचली. नेई तेरूआनं या सगळ्यावर मोठ्या मुलाला एका शब्दानं कधी बोल लावला नाही. जे मागून घेतलं आणि ज्यानं दिलं, त्याबद्दल बोलायचं नसतं. तेबाऊला वाटायचं, हिनं एकदा तरी शिव्या घालाव्यात.

*

शनिवारी सकाळी तेबाऊ नदीवरून आणलेली बांबूची पन्हळ ठीक करत होता, तेव्हा मारेवा येऊन उभी राहिली. बाउरोची बायको. चार वर्षांत ती या दिराशी गरजेपुरतंच बोललेली होती, आणि गरजेलाही बहुधा कीनालाच मधे घालायची.

"भावजी, पन्हळ गळतेय."

"दिसतंय मला."

"तुम्ही अजून आईंशी बोलला नाहीत."

"तू कधीपासून माझी काळजी करायला लागलीस?"

"तुमची कोण करतंय?" मारेवा म्हणाली. "माझी करतेय मी."

तेबाऊनं हातातला काथ्या खाली ठेवला. मारेवाच्या जोडीनं तिओबा सुताराचं नाव वस्तीत कुजबुजलं जात होतं, ते त्याच्याही कानावर होतं. तिओबा गिल्बर्ट बेटांकडचा, सरळ माणूस, हातात कला असलेला. राम्बीवर त्याला काम होतं. बानाबाला कंपनीच्या साहेबांनी त्याला उतरूही दिलं नसतं.

"मी सरळ सांगते," मारेवा म्हणाली. "आई जायचं म्हणाल्या तर मला त्यांच्याबरोबर जावं लागेल. तिथे मी बाउरोची बायको. इथे निदान विधवा तरी आहे. मी तेवीस वर्षांची आहे, भावजी. त्या दगडांवर बसून मी कोणाची वाट बघू?"

"तो गेलाय."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. त्यांना कोण सांगणार? सरकारचा माणूस आला, तर म्हणाल्या, तू पाहिलंस का त्याला पडताना? तो काय बोलणार!" ती जरा थांबली. "तुम्ही आधी मागा."

तेबाऊनं पन्हळीवरून मान वर केली.

"उद्या जेवायला सगळे जमतील. आबेराममामांना बोलवा, म्हणजे साक्षीला वडीलधारं माणूस झालं. पानं वाढायच्या आत म्हणा, आई, तू इथे राहा, हे मी मागतो. त्या नाही म्हणायच्या नाहीत. जन्मात कोणाला नाही म्हटलेलं नाही त्यांनी."

"मी? मी पुन्हा मागू?"

"सवय आहे तुम्हाला," मारेवा म्हणाली.

हे लागलंच. पण ती निघून गेली नाही, तेबाऊही उठला नाही. थोड्या वेळानं त्यानंच पन्हळीचं टोक तिच्या हातात दिलं, आणि तिनं ते धरून ठेवलं, तोवर त्यानं काथ्या आवळला. चार वर्षांत दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

*

तिकडे नेई तेरूआ आपल्या मुलीला, रोटियाला, घेऊन डोंगराच्या पायथ्याशी पाण्याला गेली होती. दाराशी पन्हळ आली तरी ती तिचं पाणी पीत नव्हती. नदीत गाई उतरतात, असं ती कारण द्यायची. खरं कारण रोटियाला ठाऊक होतं.

बानाबाला नदी नाही, ओढा नाही. पाणी होतं ते जमिनीच्या पोटातल्या गुहांत, आणि गुहा होत्या बायकांच्या. कुठलं तोंड कुठे, आत कुठे वाकायचं, कुठे पोटावर सरपटायचं, हे आई मुलीला दाखवायची. पुरुषानं आत पाऊल टाकायचं नाही. पाऊस तीन-तीन वर्षं रुसला की मोठे मोठे शेतमालक घरात गुमान बसून बायकांची वाट बघायचे. राम्बीला पाणी जिथे तिथे धावतंय, पुरुष ते बांबूतून घरी आणतात. पाण्यापायी बायकांना कोणी विचारेनासं झालं. रोटियाला स्वतःला याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. तिची पाठ कमी दुखायची. पण हे आईला सांगायची सोय नव्हती.

म्हातारीनं खडकातून झिरपणाऱ्या पाण्याखाली करवंटी धरली.

"तेबाऊ मला टाळतोय," ती म्हणाली.

"सगळ्या गावाला कळलंय ते."

"का टाळतो गं?"

"आई, वेड पांघरू नकोस. तू मागशील म्हणून."

करवंटी भरायला वेळ लागत होता.

रोटियाचा नवराही कोस्राएलाच गेला. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून ती आईची सावली होती. आई परत म्हणाली की ही परत म्हणायची. लोकांना वाटे, हिला मत नाही. मत होतं. आईपेक्षाही तिलाच परत जायला हवं होतं. त्याचं कारण मात्र तिनं अजून कोणाजवळ उघडलं नव्हतं.

"मग माग ना एकदाची," रोटिया म्हणाली. "परवा कौल आहे. उद्या सगळ्यांसमोर माग. दादाची काय बिशाद आहे नाही म्हणायची?"

"बघू."

"बघू काय? तूच म्हणतेस ना, बाउरो आहे म्हणून?"

"मी म्हणते, कोणी पाहिलं नाही." म्हातारीनं भरलेली करवंटी बाजूला ठेवून दुसरी घेतली. "पाहिलं नाही ते मी मानायचं कसं?"

"म्हणून तर म्हणते, माग."

"तू फार घाई करतेस," नेई तेरूआ म्हणाली. "लहानपणापासून अशीच."

*

रविवारी प्रार्थना आटोपून सगळे तेरूआच्या घरी जमले. कीनानं केळीच्या पानांवर मासे आणि उकडलेला कसावा मांडला होता. आबेराममामा सगळ्यांच्या नंतर आला आणि सगळ्यांच्या आधी बसला. तो तेरूआचा भाऊ. कंपनीच्या धक्क्यावर वीस वर्षं मुकादमकी केलेला, लढाईत जपान्यांनी तारावा बेटावर नेलेला. अंगात अजून कंपनीनं दिलेली खाकी चड्डी, तिला इतकी ठिगळं की मूळ कापड कुठलं ते शोधावं लागे.

"काय हा थाट!" तो म्हणाला. "मला वाटलं, कोणाचं लग्न ठरवायला बोलावलंय."

मारेवानं मान खाली घातली. आबेरामला आपण काय बोललो ते उशिरा लक्षात आलं.

"चेष्टा केली गं पोरी. म्हाताऱ्याचं काय ऐकतेस?"

"मामा," तेबाऊ म्हणाला, "जेवायच्या आधी मला जरा बोलायचं होतं."

रोटियानं झटकन त्याच्याकडे पाहिलं, मग मारेवाकडे, मग मामाकडे. मामा एरवी महिना महिना फिरकत नाही, तो आज का आला, दादा पानाला हात का लावत नाही, हे तिला क्षणात उमगलं.

"आधी आई बोलेल," ती म्हणाली.

"मी थोरला आहे, रोटिया."

"आणि ती तुझी आई आहे. आई, बोल."

"रोटिया, गप बस ना," मारेवा म्हणाली.

"तू कोणाकडून बोलतेस, वहिनी? काल पन्हळीपाशी तुम्ही दोघं काय जुळवत होता, मला कळत नाही? चार वर्षं या माणसाचं तोंड बघत नव्हतीस. माझ्या भावाच्या जागेवर बसून हा निघून आला, असं कोण म्हणायचं? रात्री माझ्या कुशीत कोण रडायचं?"

"मी रडायचे. आता रडून झालं."

"तिओबानं डोळे पुसले वाटतं."

"पुसले," मारेवा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुला त्याचं दुःख असेल तर सांग. लाज असेल तर तुझ्याजवळच ठेव."

"अगं बायांनो," आबेराम म्हणाला, "मासे गार होतायत."

"आई," तेबाऊ घाईनं म्हणाला. त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ते त्याला तिथून हलवता येत नव्हते. "आई, मी..."

शब्द पुढे येईना. एकदा हाच शब्द त्यानं समुद्राकाठी उच्चारला होता, तेव्हा तो किती सहज आला होता. समोर आई बसली होती, बाउरोसारखीच हनुवटी.

"थांब," नेई तेरूआ म्हणाली. "तू मागू नकोस. आणि मी मागेन म्हणून भिऊही नकोस. मला मागता येत नाही."

कोणाला काही कळलं नाही.

"म्हणजे काय, आई?" रोटियानं विचारलं.

"ज्यानं नाही म्हटलंय त्याला मागायला तोंड राहत नाही. लहान पोरालाही माहीत आहे हे."

"तू कोणाला नाही म्हटलंस?"

म्हातारीनं पान जरा पुढे सारलं. तिची नजर कोणाकडेच नव्हती.

"बाउरोला," ती म्हणाली. "तेबाऊला जागा देऊन तो माझ्यापाशी आला. म्हणाला, आई, पाण्याच्या टाक्या सगळ्या सैनिकांकडे आहेत, उद्या आमच्यावर उलटले तर लपायलाही जागा नाही. आपल्या गुहेचं तोंड मला सांग, हे मी मागतो. असं म्हणाला. मागतो म्हणाला. भावाला अख्खी बोट देऊन आला होता, आणि आईकडे एक भोक मागत होता." ती थांबली. "मी म्हटलं, ती बायकांची आहे. माझ्या आईनं मला बजावलं होतं, मरशील तरी पुरुषाला दाखवू नकोस. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, बरं. मग मी बोटीत चढले."

आबेरामनं डोळे मिटून घेतले.

"मला परत जायचंय ते जमिनीसाठी नाही," नेई तेरूआ म्हणाली. "जमीन कुठे आहे आता? त्यानं शोधलं असेल एखादं तोंड. हुशार होता. मला आत उतरून एकदा बघायचंय. असेल तर असेल. नसेल तर त्याची हाडं तरी दुसरी कोण बाई ओळखणार? पण हे मी मागू कोणाकडे? मी मागायची लायकी घालवून बसले आहे."

रोटिया उठून उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मारेवाला कळेना. भीती म्हणावी तर डोळे चमकत होते.

"आई, मी सांगितलं त्याला."

"काय सांगितलंस?"

"तोंड. तू बोटीत चढलीस, मी चटया आणायला मागे गेले होते. मी त्याला सांगितलं. केवड्याच्या बनामागे सपाट दगड आहे, तो सरकव, डावीकडे वाकून जा. मी सांगितलं. तुझ्या भीतीनं बोलले नाही इतकी वर्षं. आई, त्याला माहीत होतं."

नेई तेरूआनं मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिनं हात पुढे केला आणि रोटियाचा घोटा धरला, जवळ होता तो. साठ वर्षांच्या त्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघवणारं नव्हतं. कोस्राएपासून कोणी तिला असं पाहिलं नव्हतं.

"त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "मग तो आत असेल. पाणी आहे आत. खेकडे येतात. मग तो..."

"अक्का," आबेराम म्हणाला.

"बायका नाहीत बेटावर, म्हणजे तिकडे कोणी गेलंच नसेल."

"अक्का, तो आत गेला नाही."

आबेरामला हे बोलायचं नव्हतं. दीड वर्ष त्यानं ते पोटात ठेवलं होतं आणि पोटातच घेऊन मरायचं ठरवलं होतं. पण बहिणीचा हात मुलीच्या घोट्यावर असा आवळलेला त्यानं पाहिला. ही आता रांगत जाईल, पण जाईल, हे त्याला दिसलं. त्या दगडांत उतरून ही काय शोधणार होती ते त्याला एकट्याला ठाऊक होतं.

"तारावाला मला एक माणूस भेटला," तो म्हणाला. "मागे ठेवलेल्यांना मारलं, त्यातून जिवंत सुटलेला. नोनौती बेटावरचा कोळी. मला म्हणाला, तुमच्यातला एक बाउरो होता, आम्ही दोघं मिळून पळालो. बाउरो म्हणाला, मला एक जागा माहीत आहे. केवड्याच्या बनामागे गेले. दगड सरकवला. पाण्याचा गार वारा तोंडावर आला, म्हणे. हा कोळी आत शिरायला वाकला, तर बाउरोनं त्याला मागे ओढलं."

"का?" मारेवानं विचारलं. इतका वेळ ती आपल्याच हातांकडे बघत होती.

"म्हणाला, ही माझ्या आईची आहे. पुरुष नाही जायचा. आईनं नाही म्हटलंय." आबेरामनं नाक पुसलं. "कोळी म्हणाला, अरे, ते मागे आलेत. तर हा म्हणे, दुसरी जागा बघू. कोळी पळत सुटला, हा मागे राहिला. दगड परत सरकवून ठेवायला हा थांबला होता. तोंड उघडं राहू नये म्हणून. तिथेच गाठलं त्याला. त्या कोळ्याच्या डोळ्यांसमोर. पाहिलंय त्यानं, अक्का. तू विचारायचीस ना, कोणी पाहिलं का म्हणून?"

रोटिया खाली बसली. सांगून आपण भावाला वाचवलं, या एका समाधानावर ती चार वर्षं जगली होती. तेही मामानं काढून घेतलं, आणि मामावर रागावताही येईना.

बाहेर कीना पोरांना ओरडत होती. कोणीतरी पन्हळीखाली नाचत होतं, पाणी सांडल्याचा आवाज येत होता.

नेई तेरूआ रडली नाही. तिनं मुलीचा घोटा सोडला, आणि जिथे धरलं होतं तिथे जरा चोळलं, बोटं उमटली होती म्हणून.

"माझं ऐकलं त्यानं," ती म्हणाली. "एवढं कोण ऐकतं आईचं?"

"आई," मारेवा म्हणाली आणि सरकून तिच्या शेजारी येऊन बसली. सासूनं तिला जवळ घेतलं नाही, दूरही केलं नाही.

"तू कर लग्न त्या सुताराशी," नेई तेरूआ म्हणाली. "माणूस चांगला आहे. जरा जास्त बोलतो."

मारेवाला हवं होतं ते मिळालं. तिला वाटलं होतं, त्या क्षणी आपल्या छातीवरचा धोंडा उतरेल. धोंडा होता तिथेच होता. बाउरो तिच्याही स्वप्नात गुहेत जिवंत असायचा, हे ती कोणाला कधी बोलली नव्हती.

आता बोलायचं राहिलं होतं ते एकट्या तेबाऊचं. घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं. आईला मागता येत नव्हतं, पण मुलाला देता तर येत होतं. न मागता दिलं तर कोणी हात धरणार नव्हतं. "आई, चल, मी नेतो तुला. त्या केवड्यामागे त्याची हाडं असतील, आपण दोघं वेचू." बस, एवढंच. आबेराम त्याच्याकडे बघत होता. रोटिया बघत होती. मारेवासुद्धा त्याच्याकडे बघत होती. आज सकाळपर्यंत तिला जे नको होतं तेच आता त्यानं म्हणावं, असं तिला वाटत होतं.

नेई तेरूआ तेवढी त्याच्याकडे बघत नव्हती. ती पानावरचा मासा सोलत होती, फार सावकाश.

तेबाऊनं तोंड उघडलं. त्याला सगळं दिसत होतं. केवड्याचं बन, सरकवलेला दगड, भावाची पाठ. आणि त्यालाच लागून कोस्राएवरचे ते दोन खड्डे, इतके आखूड की खणायला वेळच लागला नव्हता. बाहेर पन्हळीखाली त्याची पोरं होती. त्यांच्या अंगावर मांस चढायला लागलं होतं.

"उद्या लवकर निघू," तो म्हणाला. "कौलाच्या पेटीपाशी गर्दी होईल."

आबेरामनं मान वळवली.

"होय," नेई तेरूआ म्हणाली. सोललेला मासा तिनं उचलून तेबाऊच्या पानावर ठेवला, काटे काढलेला, लहानपणी ठेवायची तसा. "मला बारीक अक्षर दिसत नाही आता. कागदावर राहायचं ते वर लिहिलंय की खाली?"

"वर, आई."

"वर," ती म्हणाली. "बरं."